कोंबडी अंडी का देईना?

(नेवासे तालुक्यातील एका खेड्यात, महिला बचत गटाच्या सभेपुढे शाळेच्या ओट्यावर दिलेले भाषण)



आजचा आमचा विषय खुराड्यातला आहे. ऐकून कोणी हसेल. हसावे, पण ज्या घरी पावसाच्या भरवशावर बाजरी आणि उधारीवर तेल-मीठ, त्या घरच्या बाईला कोणाला न विचारता खर्चता येतो असा पैसा बहुधा अंड्यांचाच असतो. त्यातून पोरीची वही येते, म्हाताऱ्याच्या खोकल्याचे औषध येते. म्हणून कोंबडी थांबली की बाईचा हात आखडतो. मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी भगताकडे नारळ घेऊन जाते, कोणी चांगली कोंबडी मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या पाटीत टाकते.

दुसऱ्यांना शिकवण्याआधी आम्ही आमचीच चूक सांगतो. एका उन्हाळ्यात आमच्या घरच्या तांबड्या कोंबडीचे अंडे मिळेनासे झाले. घरच्यांचा संशय शेजारच्या पोरावर गेला. पोरगा आमच्याच वर्गातला. आम्ही त्याला चौघांदेखत उभे करून विचारले. तो रडला, पण कबूल होईना. आम्ही त्याला लबाड ठरविले. पुढे पावसाआधी कडब्याची गंज हलविली, तेव्हा तिच्या बुडाशी तेरा अंडी निघाली! काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या वर्गात त्याला उभे केले, त्याच वर्गात आम्ही त्याची क्षमा मागितली. तरी तो पोरगा कितीतरी दिवस आमच्या अंगणात पाऊल टाकीना. अंडी सापडली, पण पोराचा विश्वास आम्ही गमावून बसलो होतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, कोंबडी खरोखर थांबली आहे काय ते पाहावे. कोंबडीला आडोसा आणि अंधार आवडतो. खुराड्यात मऊ भुसा घातलेली पाटी नसेल, तर ती गंज, सरपण, कुंपण शोधते. दोन दिवस सकाळी उशिरापर्यंत कोंडून ठेवा, म्हणजे खरेखोटे कळेल. शिवाय तिला हातात धरून पाहा. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लाल, भरलेला आणि मऊ असतो. मागील बाजूस कमरेच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटे सहज मावतात. तुरा फिका व आकसलेला आणि हाडे जवळ आलेली असली, तर ती थांबली आहे असे समजावे. ह्याला भगत लागत नाही.

आता ती थांबते का, ते पाहू.

आपली गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. ह्यात तिचा काही दोष नाही. हा तिचा धर्मच आहे. वर्षाकाठी तिची अंडी पन्नास ते सत्तर. शेडमधली संकरित कोंबडी तीनशेपर्यंत देते, परंतु तिची खुडूक होण्याची सवय माणसाने निवडीने मोडली आहे. तिच्या जातीची पिले यंत्रात काढावी लागतात. आपली कोंबडी एकवीस दिवस बसून यंत्राशिवाय पुढचा कळप उभा करते. तिला कोणी पाण्यात बुचकळतात, कोणी उपाशी बांधतात. तसे करू नये. पिले हवी असतील तर दहा-बारा अंड्यांवर बसवावी. नको असतील तर खालून वारा लागेल अशा जाळीच्या खुराड्यात, दाणापाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवावी. पोटाखालची ऊब गेली की खुडूकपणा उतरतो.

दुसरे कारण उजेड. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, हे खरे. पण तांबडे उशिरा फुटले तर कोंबडीचे अंडे मात्र राहते. भरपूर अंड्यांसाठी तिला सुमारे चौदा तास उजेड लागतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात डिसेंबरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. पुष्कळदा त्याच सुमारास ती पिसे टाकते. पीस हे बहुतेक प्रथिनाचेच बनलेले असते. नवी पिसे येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, अंगातले सारे बळ तिकडे जाते. अशा वेळी जी कोंबडी आपण निकामी म्हणून विकतो, ती आपले नवे लुगडे विणीत असते!

तिसरे कारण पोटाचे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? बाजरीच्या शंभर भागांत प्रथिन अकराच्या आसपास. अंड्यावरच्या कोंबडीला ते सोळा तरी लागते. ही तूट उकिरड्यातली वाळवी व किडे, शेवग्याचा पाला, घास आणि मूठभर शेंगदाण्याची पेंड ह्यांनी भरते. बुरशी लागलेली पेंड मात्र घालू नये; ती विष आहे. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. ते बाहेरून मिळाले नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून अंड्यांची टरफले भाजून, कुटून, दाण्यात द्यावी. अंड्याच्या आतला तीन चतुर्थांश भाग पाणीच आहे. शेवगाव-पाथर्डीकडे वैशाखात सावलीत गार पाण्याचे खापर ठेवणे हे दाण्याइतकेच महत्त्वाचे.

चौथे कारण रोग, आणि येथे उशीर चालत नाही. एक कोंबडी थांबली तर वरील कारणे पाहावी. सगळ्या एकदम थांबल्या, हिरवी पातळ विष्ठा झाली, माना वाकड्या झाल्या, तर ती मानमोडी. हिमालयातल्या राणीखेत गावावरून तिला राणीखेत म्हणतात. तिला औषध नाही, लस आहे. पिलाच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, आणि पुढे सुमारे दोन महिन्यांनी टोचणी. ही लस थंडच ठेवावी लागते, म्हणून एकटीने आणू नका. दहा घरांनी एकाच दिवशी जनावरांच्या दवाखान्यातून आणा. बचत गट आणखी कशासाठी असतो? खुराड्याच्या फटीतल्या गोचिडीही रात्री कोंबडीचे रक्त पितात; फटी चुन्याने भराव्या. अडचण पडली तर बाभळेश्वर व दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तेथे जाऊन विचारण्यात कमीपणा कसला?

आयाबायांनो, कोंबडीला बोलता येत नाही, पण तिचा तुरा, तिची पिसे, तिची विष्ठा सारे सांगतात. भगताचे कोंबडे, व्यापाऱ्याची पाटी, शेजाऱ्याशी भांडण, ह्या तिन्हींपूर्वी एकदा तिला हातात घेऊन पाहा आणि एकदा गंजीखाली हात घाला. आम्ही तो हात उशिरा घातला. तुम्ही तसे करू नका, एवढेच आमचे मागणे आहे.