बिनतारी जाळ्यातल्या वस्त्या



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बारामती तालुक्यातल्या एका कॉलेजात प्रवेशअर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. इंदापूरकडून पहाटेच्या एस.टी.नं मुलंमुली आलेली. साडेनऊपर्यंत सारं सुरळीत. मग एकेकाचा मोबाइल अडू लागला. मला बोलावणं आलं. एक मुलगी म्हणाली, "सर, रेंज तर फुल आहे, पण अर्जच उघडत नाही."

रेंज होती, पण पत्ता नव्हता. वायफायच्या जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. अशा पत्त्यांच्या वस्त्या पाडतात. त्यांना म्हणायचं सबनेट. वस्तीचं माप दुपटीनं वाढतं: २५६, ५१२, १०२४, २०४८. त्यातले दोन पत्ते राखीव. एक खुद्द वस्तीच्या नावाचा, दुसरा दवंडीचा. म्हणून राहायला २५४, ५१०, १०२२, २०४६. त्या कॉलेजातली वस्ती २५४ ची, आणि दिलेला पत्ता आठ दिवस त्याच यंत्राच्या नावावर! आठवड्यात येऊन गेलेले पाहुणे पत्ते अडवून बसलेले.

मग वस्ती भली मोठी का पाडू नये? पत्त्यांना काही तोटा नाही. खाजगी जाळ्यांसाठी जे पत्ते राखून ठेवले, त्यांत १० या आकड्यानं सुरू होणारेच एक कोटी सदुसष्ट लाखांवर आहेत. अडचण आहे ती दवंडीची. 'हा पत्ता कुणाचा?' असं एका यंत्रानं विचारलं, की ते अख्ख्या वस्तीला ऐकावं लागतं. नीरा डाव्या कालव्यावर जशी पाण्याची पाळी, तशी हवेतही बोलण्याची पाळी असते. एका वाहिनीवर एका वेळी एकानंच बोलायचं. त्यातून दवंडी लांबच्यालाही कळावी म्हणून अगदी सावकाश द्यायची. तेवढा वेळ बाकीचे गप्प. पाळी लांबली की शेपटाकडच्याचं काय होतं, हे इंदापूरकरांना मी काय सांगावं!

म्हणून जुने जाणते २५४ च्या पुढं जाऊ नका म्हणत. तारेच्या जाळ्यात ते ठीक. वायफायमध्ये मात्र माणूस चालतो. वर्गातून ग्रंथालयात गेला आणि वस्ती बदलली, तर पत्ता बदलतो आणि चालू असलेलं बोलणं तुटतं. माझं मत असं, की ज्या इमारतींत मुलं दिवसभर ये-जा करतात त्यांची एकच वस्ती ठेवावी, वसतिगृहाची वेगळी. आणि दवंडी आवरायचं काम वायफायच्या यंत्रणेकडं सोपवावं. आजच्या चांगल्या यंत्रणा घरमालकाच्या वतीनं परस्पर उत्तर देतात, गावभर ओरडू देत नाहीत.

मोजताना डोकी मोजू नका, यंत्रं मोजा, तीही सर्वांत गर्दीच्या तासाची. समजा, आवारात ९०० माणसं आहेत; मोबाइल, लॅपटॉप धरून १३०० यंत्रं सहज होतात. १०२२ त मावत नाहीत, तेव्हा २०४६ घ्यावी.

त्या दिवशी एवढं करायला सवड कुठली? गेलेल्या यंत्रांची नावं खोडली, पत्त्याची मुदत आठ दिवसांवरून एका तासावर आणली. त्या मुलीचा अर्ज पाऊण वाजता गेला. वस्ती वाढवली ती संध्याकाळी. ऑफिसातला प्रिंटर मात्र जुनीच हद्द धरून बसला होता. त्याला नवी हद्द हातानं सांगावी लागली.