कादर अस्माल आणि पाण्याचा हक्क



आज आपण कायद्याच्या एका प्राध्यापकाविषयी बोलणार आहोत. कादर अस्माल हे भारतीय वंशाचे. १९३४ साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात स्टँगर गावी त्यांचा जन्म झाला. १९५९ मध्ये ते देशाबाहेर पडले. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी सत्तावीस वर्षे कायदा शिकविला आणि आयर्लंडमध्ये वर्णद्वेषविरोधी चळवळ उभी केली. डब्लिनच्या त्यांच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, अल्बी साक्स आणि ते स्वतः अशा दोघांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेससाठी हक्कांच्या सनदेचा पहिला मसुदा लिहिला. सत्ता अजून कोसो दूर होती. पण सत्तेवर आल्यावर आपल्याच पक्षाला लगाम कसा घालायचा, याचा विचार ही माणसे करीत होती! आम्हांला त्यांचा मोठेपणा इथेच दिसतो.

पक्षावरील बंदी १९९० मध्ये उठली आणि अस्माल परतले. १० डिसेंबर १९९६ रोजी शार्पव्हिल येथे नेल्सन मंडेला यांनी नव्या घटनेवर सही केली. तिचे कलम २७ पुरेसे अन्न व पाणी मिळण्याचा हक्क प्रत्येकाला देते.

पाणी म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ चे महाड आठवणारच. आपल्या घटनेच्या कलम १५ ने विहिरी-तळी सर्वांना खुली केली. पण तळेच कोरडे असेल तर? पोटापाण्याचे बहुतेक प्रश्न आपल्याकडे मार्गदर्शक तत्त्वांत गेले, आणि ती कलम ३७ प्रमाणे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत. आर्थिक रचना घटनेतच लिहावी, हा आग्रह बाबासाहेबांनी १९४७ च्या निवेदनात धरला होता. तो मान्य झाला नाही.

अस्माल १९९४ मध्ये पाणीखात्याचे मंत्री झाले. जमिनीच्या मालकीबरोबर पाण्याची मालकी येते, हा जुना नियम १९९८ च्या कायद्याने मोडला. तरी सोवेटोतील फिरी वस्तीत आगाऊ पैसे भरायचे मीटर बसलेच. माणशी रोज पन्नास लिटर मोफत पाणी मागत रहिवासी कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने पन्नास दिले, अपिलात बेचाळीस झाले, आणि २००९ मध्ये घटना न्यायालयाने सरकारी पंचवीस लिटरच वाजवी ठरविले. किती पाणी म्हणजे पुरेसे, हा आकडा ठरविणे आपले काम नाही, असे म्हटले.

पंचवीस लिटर म्हणजे दोन लहान बादल्या. त्यात आंघोळ, धुणे, संडास आणि स्वयंपाक.