गोधडीचा काठ : रंग आणि रुंदी

(वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या विनंतीवरून दिलेले भाषण)



महिला शाखेने यंदा गोधड्यांचे प्रदर्शन भरविले आणि त्यानिमित्त गोधडीच्या काठाविषयी चार शब्द बोलण्याचे काम आम्हांवर सोपविले. शाळामास्तराचा आणि गोधडीचा संबंध काय, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती रास्तच आहे. परंतु नामदेवरायांच्या ज्ञातीत जन्मलेल्या माणसाचे बालपण कातरणांच्या ढिगातच जाते. गज, कात्री आणि अंगुस्तान ही आमची पहिली खेळणी. खडू आणि फळा पुढे आले. शिवाय काठ हा विषय अर्धा शिवणाचा आणि अर्धा गणिताचा आहे, आणि त्यातल्या दुसऱ्या अर्ध्यावर आमचा थोडाफार अधिकार आहे.

गोधडीच्या मधल्या अंगाविषयी आमच्यापेक्षा शतपटीने जाणणाऱ्या आजीबाई समोर बसल्या आहेत. ठिगळे कशी जुळवावी, धावदोरा किती अंतरावर घालावा, हे आम्ही त्यांना सांगण्याचे धाडस करणार नाही. काठाच्या बाबतीत मात्र पुष्कळ घरांत 'जे उरले ते लावले' असाच व्यवहार चालतो. मधल्या अंगासाठी महिना महिना खपणारी बाई काठाचा निर्णय एका दुपारी उरकते. हे आम्हांस योग्य वाटत नाही; कारण गोधडी मरते ती बहुधा काठाकडूनच. मधले कापड चार पदरी, दोऱ्यांनी जखडलेले, म्हणून ते टिकते. कडेला मात्र घडी पडते, तेथेच हात लागतो, तेथेच ती ओढली जाते, झटकली जाते, दोरीवर वाळताना तेथेच चिमटा बसतो. डोक्याकडच्या काठास तेल लागते, पायाकडचा काठ टाचांनी घासतो. कडेचा एक टाका सुटला की आतल्या चिंध्या बाहेर डोकावू लागतात आणि मग वर्षभरात ती गोधडी पायपुसण्याच्या पदवीला पोचते. तेव्हा काठ ही शोभा आहे खरी, पण आधी ती तटबंदी आहे.

प्रथम रुंदीचे पाहू. एका माणसाची भरपूर गोधडी ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब, म्हणजे ६० इंच बाय ८४ इंच धरा. तिचे क्षेत्रफळ ५०४० चौरस इंच. आता ह्याच मापाच्या आत २ इंचांचा काठ घेतला तर मधले अंग ५६ बाय ८० राहते आणि काठ ५६० चौरस इंच, म्हणजे बरोबर नववा हिस्सा व्यापतो. काठ ३ इंच केला की तो ८२८ चौरस इंच होतो, सुमारे सहावा हिस्सा. आणि ६ इंचांचा केला तर १५८४ चौरस इंच, जवळजवळ एक तृतीयांश! पट्टी हातात घेतली असता २ इंच आणि ३ इंच ह्यांत एका बोटाचाही फरक जाणवत नाही. अंथरलेल्या गोधडीवर मात्र नववा हिस्सा आणि सहावा हिस्सा ह्यांतला फरक दारातून दिसतो. म्हणून रुंदी पट्टीवर ठरवू नये. गोधडी जमिनीवर पसरावी, निवडलेले कापड दुमडून चारी कडांवर नुसते ठेवावे आणि उभे राहून पाहावे. शक्य तर एक रात्र तसेच राहू द्यावे. सकाळच्या उजेडात आदल्या रात्रीची पुष्कळ मते बदलतात.

आमचा स्वतःचा कल असा आहे की, काठ मधल्या ठिगळापेक्षा रुंद असू नये. ठिगळे ४ इंचांची असतील तर काठ ३ इंच शोभतो, २ इंचही चालतो. ६ इंचांचा केला तर मोठ्या चौकटीत लहान तसबीर बसविल्यासारखे होते. मधले अंग अखंड लुगड्याचे असेल, ठिगळेच नसतील, तर मात्र ५-६ इंचांचा रुंद काठ खुलतो. बाळाच्या दुपट्याला एक इंचाचा गोट पुरे. तेथे रुंद काठ लावला की दुपटे कडांना जड होते आणि बाळ गुंडाळताना घडी बसत नाही.

आता एक गंमत सांगावीशी वाटते. ह्या ६० बाय ८४ च्या गोधडीचा घेर किती? दोनदा ६० आणि दोनदा ८४, म्हणजे २८८ इंच. ३६ इंचांचा वार धरल्यास बरोबर ८ वार. आणि आपल्या आजीचे लुगडे किती लांब? ९ वार. म्हणजे एका लुगड्याचा एकच काठ साऱ्या गोधडीभोवती फिरून एक वार शिल्लक राहतो, आणि तेवढा कोपऱ्यांच्या दुमडींना व जोडांना हवाच असतो. दुसरा काठ दुसऱ्या गोधडीला मोकळा. मात्र दोन्ही काठ सारखे समजू नयेत. नेसताना खाली येणारा काठ घोट्याशी आणि कासोट्यात घासून विरलेला असतो, वरचा काठ त्या मानाने ताजा राहतो. उजेडाकडे धरून पाहावे. जेथे उजेड आरपार दिसेल तो भाग पायाकडे वापरू नये, बाजूला लावावा.

माप घेण्याची एक रीत आवर्जून सांगतो. काठाची लांबी गोधडीच्या कडेवर मोजू नये. कड हाताळून हाताळून ताणलेली असते; तिच्या मापाने कापलेला काठ लाटांसारखा उठतो आणि गोधडी कधीच सपाट बसत नाही. दोरे घालून संपल्यावर, कारण दोऱ्यांनी गोधडी इंच-दोन इंच आकसते, मधोमध आणि दोन्ही अंगांना थोडे आत अशी तीन ठिकाणी मापे घ्यावी, आणि त्यांच्या सरासरीने काठ कापावा. मग कड त्या काठात हलक्या हाताने जिरवावी. तिन्ही मापे सारखी येतील तर गोधडी शिवणारीचा हात बसला असे समजावे.

कापडाविषयी थोडक्यात. कोऱ्या सुती कापडाचा काठ लावायचा असेल तर ते आधी धुऊन, वाळवून घ्यावे. जुने लुगडे शंभर धुण्यांत आकसून स्थिर झालेले असते, कोरे कापड पहिल्याच धुण्यात आकसते आणि साऱ्या कडेला चुण्या पाडते. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्यांचे काठ आकसत नाहीत, विरतही नाहीत, हे खरे. पण ते सुती अंगाशी जुळत नाहीत, सुईखाली घसरतात, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ निजणाऱ्याच्या पांघरुणास ते लावू नयेत असेच आम्ही म्हणू. जरीचा काठ गालाला बोचतो. इरकली काठ आपल्या सर्वांचा लाडका. पण पुष्कळ इरकली लुगड्यांचे अंग सुती आणि काठ कृत्रिम रेशमाचा असतो. हे रेशीम कोरडे असता बळकट, ओले झाले की त्याचे बळ घटते. म्हणून इरकली काठाची गोधडी धुताना दगडावर धोपाटणे चालवू नये. पायाने तुडवून, पिळल्याशिवाय वाळत घालावी. गुळेदगुडच्या खणाचा काठही देखणा दिसतो. मात्र खण आखूड, जोड फार येतात. ते जोड कोपऱ्यांपासून दूर ठेवावे.

आता रंग. १८३९ साली पॅरिसमध्ये शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने रंगांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा गृहस्थ तेथील गोबेलँ नावाच्या प्रख्यात विणकामाच्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. कारखान्यातला काळा दोरा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तेव्हा आढळले की काळा रंग मुळीच फिका नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या दोऱ्यांमुळे तो तसा भासत होता. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्यापासून दूर ढकलतो, असा त्या शोधाचा सारांश सांगता येईल. गर्द काठ मधल्या अंगाला उजळ करतो, फिका काठ त्याला गडद करतो. लाल काठाशेजारचा हिरवा अधिक हिरवा दिसतो. आपल्या आज्यांनी पॅरिस पाहिले नव्हते. पण विटलेल्या लुगड्यांच्या गोधडीस गर्द काठ लावला की विटकेपणा झाकतो, हे त्या जाणून होत्या.

मधल्या अंगात दहा रंग असतील तर काठासाठी अकरावा शोधू नये. त्या दहांतला, थोड्या ठिकाणी आलेला, गर्दसा एक रंग घ्यावा. जो रंग आधीच सगळीकडे आहे तो काठाला लावला तर गोधडी कोठे संपते हेच कळत नाही.

लाल रंगाची परीक्षा घेतल्याशिवाय तो वापरू नये. पांढरा ओला फडका त्यावर जोराने घासावा. फडका तांबडा झाला तर ते कापड कोमट साबणपाण्यातून पुन्हा पुन्हा काढावे, आणि पाणी स्वच्छ येईना तर नाद सोडावा. मिठाच्या पाण्यात भिजविल्याने कच्चा रंग पक्का होतो, हा समज घरोघर आहे. मिठाने रंगाचे सुटणे त्या वेळेपुरते आवरते, पुढच्या धुण्यात तो पुन्हा सुटतो आणि पांढऱ्या अंगावर गुलाबी डाग पडतात. जुन्या काळ्या कापडाची गोष्ट निराळी. पूर्वी काळा रंग हिरडा आणि लोखंड ह्यांपासून करीत. लोखंडामुळे तो धागा कालांतराने ठिसूळ होतो. पणजीची चंद्रकळा पेटीत असेल तर ती प्रेमाने जपावी, काठाला फाडू नये. दोन वर्षांत काठ झडेल.

हे सर्व झाले कापडाचे. आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही हा विषय स्वीकारला, तिच्याकडे वळतो.

ह्या भाषणासाठी महिला शाखेने भगिनींकडून लेखी प्रश्न मागविले होते. त्यांत एक चिठ्ठी अशी होती. एका सूनबाईंचे सासरे गेल्या वर्षी वारले. सासऱ्यांची धोतरे आणि सासूबाईंची लुगडी मिळून त्या सासूबाईंसाठी गोधडी शिवीत आहेत. मधले अंग पांढऱ्या धोतरांचे झाले. काठासाठी त्यांनी सासूबाईंचेच एक हिरवेगार लुगडे काढले, तेव्हा घरातल्या वडील बायकांनी हात धरला. हिरवा रंग सौभाग्याचा. विधवेच्या पांघरुणाला तो चालत नाही. राखी किंवा तपकिरी लाव. सासूबाई काहीच बोलत नाहीत. 'काय करावे?' एवढ्यावर चिठ्ठी संपते.

अशी घरे आमच्या पाहण्यात आहेत, आणि ती काही अडाण्यांची नाहीत. वडील बायकांच्या मनात दुष्टावा असतो असेही नाही. त्यांना स्वतःला जे सोसावे लागले त्यालाच त्या रीत म्हणतात. परंतु शास्त्रात गोधडीचा काठ कोठे सांगितला आहे, हे आजवर कोणी आम्हांस दाखविलेले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ह्या गावच्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. एका खेड्याने हे केले. आपले मंडळ शहरात आहे, आपल्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, आणि आपण एका काठाच्या रंगावर अडलो आहोत.

त्या भगिनी सभेत असतील तर त्यांना आमचे सांगणे असे. प्रथम वडील बायकांना विचारू नका, आम्हांलाही विचारू नका. सासूबाईंना विचारा, आणि चारचौघांत नव्हे, एकटीत विचारा. ते लुगडे त्यांचे आहे. ते कोणी घेतले, कोणत्या सणाला नेसले, हे त्यांनाच ठाऊक. त्या नको म्हणाल्या तर नको, मग कारणही विचारू नये. राखी काठ त्यांनी आपल्या मनाने निवडला तर तोही शोभेल. पण त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ नकार असा कोणी लावू नये. पुष्कळदा त्या वयाच्या बाईला आजवर कोणी तिची पसंती विचारलेलीच नसते, म्हणून तिला उत्तर देण्याची सवय नसते. थोडे थांबावे लागेल.

आणि होकार आला तर आमचा हिशेब तयार आहे. सणासुदीचेच लुगडे असल्याने ते फारसे झिजलेले नसणार, काठ टिकेल. अंग अखंड पांढरे आहे, तेव्हा ४ इंचांपर्यंत रुंदी पेलेल. आम्ही ३ इंच करू. हिरवा रंग आधी ओल्या फडक्याने तपासावा, कारण पांढऱ्याशी गाठ आहे. गर्द हिरव्याच्या शेजारी धोतराचे पांढरे किंचित तांबूस भासेल. ती शेव्रलने सांगितलेली किमया आहे, डाग समजून पुन्हा धुण्यास टाकू नये.

शेवटी कोपऱ्यांविषयी एक सूचना करून रजा घेतो. उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून आत आत मध्याकडे जातात, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची लहान फुले बसवितात. फुलांवाचून कवंदी उघडी वाटते असे त्या मानतात. आपल्याकडे फुले नकोत, पण कोपरा चौकोनी कापून जोडण्याऐवजी तिरपी घडी घालून वळवावा. कापलेल्या कोपऱ्यात चार जोड एका जागी येतात आणि तेथूनच उसवण सुरू होते. बाहेरच्या दालनात डाव्या हाताची तिसरी गोधडी तशा घडीची आहे. जाताना तिचा कोपरा उलटून पाहावा. शिवणाऱ्या बाई तेथेच उभ्या आहेत, त्या घडी उकलून दाखवतील.