संगणकाच्या पडद्यावरचा बांध



आमच्या उमरग्याच्या काळ्या रानात बांधावरून किती भांडणे होतात, हे तुम्हांला मी सांगायला नको. नांगराचे एक तास बांधात शिरले, की सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते. आज मी अशाच एका बांधाविषयी बोलणार आहे. तो बांध मात्र शेतातला नाही. संगणकाच्या पडद्यावरचा आहे.

शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीत आता संगणक आला आहे. त्याच्या पडद्यावर एक उभी रेघ लुकलुकत असते. तिला कर्सर म्हणतात. आपण कळ दाबली की अक्षर कुठे उमटेल, हे ती रेघ दाखवते. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ ‘धावणारा’. पूर्वी अभियंते हिशेबासाठी स्लाइड रूल नावाची पट्टी वापरीत. तिच्यावरच्या सरकत्या काचेलाही कर्सरच म्हणत.

दुसरा शब्द प्रॉम्प्ट. हा तुमच्या ओळखीचा आहे. गावच्या नाटकात विंगेमध्ये वही घेऊन एक माणूस उभा असतो आणि नट अडखळला की हळूच शब्द सुचवतो. तो प्रॉम्प्टर. संगणकही असेच करतो. तो पडद्यावर ‘नाव :’ असे लिहितो, किंवा नुसत्या दोन-तीन खुणा काढतो आणि थांबतो. त्याचा अर्थ एवढाच, की ‘बोला, आता तुमची पाळी.’ नाटकातला प्रॉम्प्टर विंगेत असतो आणि नट रंगमंचावर, म्हणून घोटाळा होत नाही. संगणकावर मात्र दोघे एकाच ओळीत शेजारी शेजारी बसतात. यंत्राचा शब्द कुठे संपला आणि माणसाचा कुठे सुरू झाला, हे कर्सरला कळायला हवे. ते कळले नाही तर काय होते, याची एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पायथॉन ही संगणकाची भाषा शिकवीत होतो. जवळच्या खेड्यातून एसटीने येणारी एक मुलगी वर्गात होती. तिने एकेक ओळ लिहून यंत्राला विचारली. प्रत्येक ओळीचे उत्तर बरोबर आले. मग त्या साऱ्या ओळी तिने निवडल्या, उचलून एका नव्या फाइलमध्ये ठेवल्या आणि कार्यक्रम चालवला. यंत्राने तो नाकारला. वाक्यरचना चुकली म्हणाले. मी पडद्याकडे ओझरते पाहिले आणि म्हणालो, “लक्ष कुठं असतं तुझं? पुस्तकात बघून नीट लिही.”

ती हळूच म्हणाली, “सर, मी काहीच बदललं नाही. तिथं चाललं, मग इथं का चालंना?”

मी तिला काही सांगू शकलो नाही. तास संपल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा उलगडा झाला. तिच्या ओळींच्या आरंभी तीन कोनी खुणा होत्या. त्या यंत्राच्या होत्या. तोच पायथॉनचा प्रॉम्प्ट. तिने ओळ पहिल्यापासून निवडली, आणि कोणीही तसेच करील. पण तिच्या शब्दांबरोबर यंत्राचे शब्दही उचलले गेले, आणि दुसऱ्या ठिकाणी तेच तिची चूक म्हणून मोजले गेले. बांध नीट घातलेला नव्हता आणि दंड मात्र तिला झाला. दुसऱ्या दिवशी ती मागच्या बाकावर जाऊन बसली. ते मला आजही लागून राहिले आहे.

हा बांध कसा घालावा, याचा विचार संगणकाची साधने करणाऱ्यांनी पुष्कळ केला आहे. मजकूर लिहिण्याच्या साधनाला संपादक म्हणतात. इमॅक्स नावाचा एक जुना संपादक आहे. त्याचा आरंभ १९७६ साली अमेरिकेत झाला. त्याच्याकडे पाहिले, तर प्रश्न कसे सुटत गेले हे समजते.

पहिला प्रश्न असा. ‘ओळीच्या आरंभी जा’ अशी कळ दाबली, तर कर्सरने कुठे जावे? यंत्राच्या हिशेबाने ओळ प्रॉम्प्टपासून सुरू होते. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र ती आपल्या पहिल्या शब्दापासून सुरू होते. २००१ साली इमॅक्सच्या एकविसाव्या आवृत्तीत यावर तोड निघाली. तिला नाव दिले ‘फील्ड’, म्हणजे चक्क शेत! प्रॉम्प्ट हे एक शेत, तुमचे उत्तर हे दुसरे. उत्तरात असताना ती कळ दाबली, की कर्सर आपल्या बांधाशी येऊन थांबतो. मराठी लिहिताना आपण हेच मागतो. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर. यंत्राच्या पोटात ते क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे. चांगल्या संपादकात कर्सर ते एका पावलात ओलांडतो. पाऊल कुणाच्या मापाने टाकायचे? लिहिणाऱ्याच्या.

दुसरा प्रश्न थोडा नाजूक आहे. कर्सरला प्रॉम्प्टमध्ये जाऊ द्यावे की नाही? इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. शेजाऱ्याच्या बांधावरून चालणे वेगळे आणि त्यात नांगर घालणे वेगळे. यंत्राचा प्रश्न कोणी पुसू नये, हे खरे. पण तो उचलून दुसऱ्याला दाखवावा लागतो. आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला एकेक अक्षरावर कर्सर नेऊन ते ऐकावे लागते. म्हणून नांगर अडवावा. वाट अडवताना मात्र दहा वेळा विचार करावा. इमॅक्समध्ये या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठरवता येतात.

तिथली वाट अडवण्याची जुनी पद्धत तर फार कडक होती. ती माणसाला अडवीच, पण संपादकाचे स्वतःचे कार्यक्रम मजकुरातून फिरू लागले की त्यांनाही अडवी. वाटसरू अडवायला कुंपण घातले आणि राखणदारच अडकला! त्यातून विचित्र दोष निघत. अखेर २०१६ साली, पंचविसाव्या आवृत्तीत, ती पद्धत जुनी ठरवली. नव्या पद्धतीत आज्ञा पुरी झाल्यावर कर्सर कुठे उभा आहे तेवढे पाहतात, आणि भलत्या जागी असला तर बाजूला नेतात.

तिसरा प्रश्न वरच्या बाणाच्या कळीचा. आज्ञा लिहिण्याच्या काळ्या खिडकीत ती दाबली, की तुमची मागची आज्ञा पुन्हा समोर येते. पायथॉनबरोबर मिळणाऱ्या आयडल नावाच्या खिडकीत तीच कळ कर्सरला वरच्या ओळीवर नेते. मुले गोंधळतात. एका ठिकाणी पडदा हे संभाषण मानले आहे, दुसऱ्या ठिकाणी वहीचे पान. दोन्ही चालतील, मात्र शिकवणाऱ्याने हा फरक आधी सांगायला हवा.

आणि त्या तीन खुणांचे पुढे काय झाले? २०२१ साली पायथॉनची ३.१० ही आवृत्ती आली. तिच्यातल्या आयडलमध्ये त्या खुणा मजकुरातून काढून डावीकडच्या एका अरुंद पट्टीत ठेवल्या आहेत. गुरुजी, हा तर आपल्या वहीतला समास! प्रश्नाचा क्रमांक समासात, उत्तर रेघेच्या उजवीकडे. आता मुलाने ओळी उचलल्या, तर त्याचेच शब्द हाती येतात. पहिलीतल्या पोराला आपण जे शिकवतो, ते यंत्राच्या खिडकीत यायला इतकी वर्षे लागली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्यातल्या किती जणांनी मुलांचे अर्ज संगणकावर भरले असतील! चौकटीत आधीपासून लिहिलेल्या शब्दांना मूल आपलेच उत्तर समजते, किंवा त्यांच्या पुढे नाव लिहून मोकळे होते. तेव्हा त्याच्यावर डोळे वटारण्यापूर्वी पडद्याकडे पाहा. यंत्राचे कुठे संपते आणि मुलाचे कुठे सुरू होते, हे त्याला दिसेल अशी सोय आहे का? नसेल, तर आपण बोट ठेवून दाखवावे. आपण काढलेल्या प्रश्नपत्रिकेलाही हीच कसोटी लावावी.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला सर्वांसमोर सांगितले, की चूक तुझी नव्हती. न पाहता बोललो, ती चूक माझी. ती काही बोलली नाही. पण त्यानंतरच्या तासाला ती पुन्हा पुढच्या बाकावर होती.