स्त्रीवादी म्हणा नाहीतर म्हणू नका, पट्ट्यावर नाव कुणाचं ते बोला

(महापे इथे पाड्यावरच्या आणि कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बायांच्या बैठकीत आम्ही संघटनेच्या मुलींनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. गावोगावच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. बापे माणसांनीही बसून ऐकावा.)



आम्हाला विषय दिलाय तो असा : काही बायका स्वतःला स्त्रीवादी का म्हणतात आणि काही का म्हणत नाहीत? प्रश्न शहरातल्या ताईंनी काढला, पण तो आमच्याही घरात आहे. आमच्यातल्या काहीजणी सरळ सांगतात, "होय, आम्ही स्त्रीवादी." काहीजणी म्हणतात, "आम्ही आदिवासी, आम्ही संघटनेच्या, तेवढं पुरे." आणि बऱ्याच बायांनी हा शब्द ऐकलेलाच नाही. या तिन्ही तऱ्हेच्या बाया एकाच मोर्चात चालतात, एकाच चुलीवरचा कोरा चहा पितात.

आधी शब्दाचा अर्थ सांगतो. बाई हीही माणूस आहे. तिला बाप्याएवढाच हक्क आहे. तो तिला मिळत नाही याला तिचं नशीब कारण नाही, माणसांनी पाडलेली रीत कारण आहे, आणि माणसांनी पाडलेली रीत माणसं बदलू शकतात. एवढाच स्त्रीवाद. यात नवरा सोडा असं कुठं लिहिलेलं नाही.

मग आमच्या बाया हा शब्द का घेत नाहीत? त्यांचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे.

पहिलं कारण. हा शब्द आमच्याकडे आला तो दुसऱ्याच घराची गोष्ट घेऊन आला. त्या गोष्टीत बाईला घरात कोंडलेलं असतं आणि तिला बाहेर पडून काम करायचं असतं. आमची बाई कधी घरात होती? ती पहाटे मोळीला जाते, लावणीला जाते, पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कंटोळी काढून बाजारात आणते, दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते. काम करायला मिळत नाही हे तिचं दुःख नाही. कामाला दाम नाही आणि वाटेत गार्ड कोयता काढून घेतो, हे तिचं दुःख आहे. झोपडी मोडतात तेव्हा नवरा-बायको दोघंही उघड्यावर येतात. त्या वेळी कुणी येऊन सांगितलं की तुझा नवराच तुझा वैरी, तर ती उठून जाईल.

आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळचं बघा. ठाणे जिल्ह्यात वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचा आणि त्यापायी त्याचा लग्नगडी व्हायचा. तो एकटा राबत नसे, त्याची बायकोही सावकाराच्या घरी-शेतात राबायची, आणि तिच्या अब्रूलाही तिथे राखण नसे. १९४५ साली झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं, तेव्हा नवरा-बायको दोघांच्याही मानेवरचं जोखड हललं. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलंय. तर आमच्या बाया म्हणतात, आमची लढाई वेगळी काढू नका.

दुसरं कारण. आमच्यात हुंडा नाही, उलट मुलाकडचे देज देतात. नवरा मेला तर बाई पाट लावू शकते. वारल्यांचं लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. असं असताना बाहेरून कुणी येऊन तुम्ही मागास, तुम्हाला आम्ही सुधारतो म्हणालं की राग येतो. तो राग खरा आहे.

तिसरं कारण म्हणजे भीती. बाया वेगळं बोलायला लागल्या तर संघटना फुटेल. साहेब आणि शेठ तेवढीच वाट बघत बसलेत. आधी जमीन मिळू दे, मग बायांचं बघू.

आता ज्या बाया शब्द घेतात त्यांचं ऐका. त्या याच तीन गोष्टी दुसऱ्या बाजूने दाखवतात.

देज आहे, खरं. पण दारू पिऊन मारताना कधी कधी तोच माणूस म्हणतो, "पैसं मोजल्यात तुझं." धवलेरी लग्न लावते, खरं. पण भांडण पंचात गेलं की पंच कोण? सगळे बापे. बाई लांब उभी राहणार आणि तिच्यावरचा निकाल तिला दुसरा कुणी सांगणार. नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवतात. कुणाला ठरवतात ते बघा. पुष्कळदा ती विधवा असते, एकटी असते, आणि तिच्याकडे जमिनीचा तुकडा असतो. २०१३ साली महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध कायदा झाला, त्यात बाईला डाकीण ठरवून छळणं हा गुन्हा धरलाय. पण कायदा मुंबईत होतो आणि डाकीण पाड्यावर ठरते. रीत आपली आहे म्हणून ती सगळी चांगली, असं होत नाही. आपली आहे म्हणूनच ती बदलायचं काम आपलं.

आणि संघटना फुटते का? याचं उत्तर शहाद्यात मिळालंय. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, १९७२ साली, भिल्लांची गेलेली जमीन सोडवायला श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराजांसारखे आदिवासी पुढारी तिच्यात होते. त्याच दुष्काळाच्या दिवसांत भिल्ल बाया गावोगाव फिरल्या. दारूची मडकी त्यांनी फोडली. बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत उभं करून माफी मागायला लावली. कुणी बाहेरून शिकवून पाठवलेल्या त्या नव्हत्या. दुष्काळी कामावर, मोर्चात, बैठकीत बसून त्यांना कळलं की नवरा दारूत बुडलेला असेल तर जमिनीची लढाई कोण लढणार? म्हणजे बायांच्या लढ्याने जमिनीचा लढा कमी झाला नाही, त्याला हात मिळाले. आमच्या माहितीप्रमाणे त्या बाया स्वतःला स्त्रीवादी म्हणत नव्हत्या. पण शहरातल्या स्त्रीमुक्तीवाल्या बाया शहाद्याचं नाव अजून घेतात.

दुसरी गोष्टही आपल्याच बाईची आहे. १९७२ सालीच, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचाराचं प्रकरण घडलं. हायकोर्टाने दोन पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असं कोर्ट म्हणालं. ठाण्याच्या आत, पोलिसासमोर, एकट्या पोरीने ओरडायचं कुणाकडे बघून? १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सुप्रीम कोर्टाला उघड पत्र लिहिलं. १९८० च्या ८ मार्चला मुंबई-दिल्लीत बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात बाईवर असं काही झालं आणि ती म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तिचं म्हणणं धरून चालायचं, असं त्यात आलं. अशा बाईचं नाव छापायचं नाही, हेही त्याच वेळी आलं. म्हणून आम्हीही इथे तिचं नाव घेत नाही.

बघा, ज्या शब्दाला आपण शहरातला म्हणतो, त्याच्या मोर्चामागे आपल्याच जंगलातली एक पोरगी उभी आहे. ती आपली, म्हणजे तो शब्दही थोडा आपला. आणि शहरातल्या ताईंनाही आमचं सांगणं आहे, तो शब्द एकट्या तुमचा नाही.

आता महापे गावाकडे येऊ, कारण जंगलातल्या गावांना इथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. आज इथे काचेच्या इमारती दिसतात, रात्रभर शिळफाट्याकडे ट्रक जातात. इथे भातशेती होती. १९६० नंतर एमआयडीसी आली, १९७० साली सिडको आली, आणि जमीन सरकारजमा झाली. मोबदला कुणाला मिळाला? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. त्याच शेतात चिखल तुडवून लावणी केलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच असायचं. मजुरीवर राबणाऱ्या कातकऱ्याचं तर नव्हतंच, ना बाप्याचं ना बाईचं. तेव्हा घाम कुणाचा ते सरकारने विचारलं नाही, नाव कुणाचं ते विचारलं. आज त्याच जमिनीवरच्या कंपनीत बाई ठेकेदाराच्या हाताखाली लादी पुसते. तिथंही हजेरीच्या कागदावर आपलं नाव आहे का, हे तिलाच बघावं लागतं.

म्हणून आम्ही म्हणतो, शब्दावर वाद घालत बसू नका, कागदावर बसा.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याचं कलम ४, पोटकलम ४ पाठ करून ठेवा. लग्न झालेल्यांचा हक्क नवरा आणि बायको दोघांच्या नावाने नोंदवायचा. घर एकट्या माणसाचं असेल तर त्या एकट्या माणसाच्या नावाने, मग ती बाई असली तरी. म्हणजे विधवा, नवऱ्याने टाकलेली, लग्न न केलेली आणि स्वतः घर चालवणारी, अशा बाईचा दावा तिच्याच नावाने होतो. भावाच्या, दिराच्या दाव्यात तिला घुसवायचं कारण नाही.

पुढे नियम आहेत. वनहक्क समितीत १० ते १५ माणसं, त्यांत किमान एक तृतीयांश बाया. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे ग्रामसभेला निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत. त्या नसतील तर दाव्यावरचा ठराव कच्चा. हे ध्यानात घ्या, बायांना घरी ठेवून केलेली ग्रामसभा बाप्यांनाही जमीन देऊ शकत नाही.

पण होतं काय? आम्ही पाड्यांवर फिरतो तेव्हा बघतो. रजिस्टर घरी पाठवून बायांचे अंगठे घेतात. समितीत बाईचं नाव असतं आणि खुर्चीत तिचा नवरा असतो. अर्जात बायकोच्या नावाच्या जागी "सौ." एवढंच लिहिलेलं असतं. मोजणीला बाया नसतात. खरं तर बांध कधी घातला, जुन्या घराचं जोतं कुठं होतं, कुठल्या आंब्याखाली पूर्वी खळं होतं, हे म्हाताऱ्या बायांना तोंडपाठ. कायद्यात बांधबंदिस्ती, घर हे पुरावे धरलेत, आणि गावातल्या जुन्या माणसांचा लेखी जबाबही धरलाय. तो जबाब म्हातारीचा का नको? आणि सामूहिक हक्काच्या दाव्यात मध, मोह, कंद, भाजी, सरपण यांची यादी बाप्यांनीच केली तर निम्मं जंगल राहून जाईल.

काही बापे दोन गोष्टी बोलतात. एक, "बाईचं नाव लावलं तर ती जमीन विकंल." अरे, वनपट्टा कुणालाच विकता येत नाही, बाप्यालाही नाही. तो वारसाकडेच जातो. दोन, "पोरीला दिली तर जमीन जावयाच्या घरी जाईल." हिंदू वारसा कायदा आपल्याला लागू नाही, म्हणून पोरीचा हिस्सा आपल्या रितीवर सोडलेला आहे. मग ती रीत ग्रामसभेत बसून आपणच ठरवूया. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायांचं अधिवेशन घेतलं, पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, आणि सातबारावाल्या शेतकऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावाने जमीन करून दिली. ते घाबरले नाहीत. आपण तर जंगलातली माणसं, वाघाला न भिणारी, बायकोच्या नावाला भ्यायचं?

गावोगावच्या साथींना आमची चार कामं आहेत. पुढच्या ग्रामसभेआधी ती करा.

एक, आपल्या पाड्यातले सगळे दावे काढा आणि प्रत्येकावर बायकोचं स्वतःचं नाव, पुरं नाव आहे का ते बघा. नसेल तर ग्रामसभेत ठराव करून दुरुस्ती मागा.

दोन, एकट्या बायांची यादी करा. एकही सुटू देऊ नका. ज्या लाजून पुढे येत नाहीत त्यांच्या घरी दोघीतिघींनी जा.

तीन, ग्रामसभा बायांना जमेल त्या वेळेला घ्या. पाण्याच्या आणि भाकरीच्या वेळेला सभा घेणं म्हणजे बायांना बोलावलंच नाही असं आहे.

चार, मारहाण आणि दारू हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला नाही. संघटनेच्या बैठकीत तो विषय घ्यायचा. मारणारा आपला कार्यकर्ता असेल तर आधी त्याचा घ्यायचा.

ही चार कामं करणारी बाई स्वतःला स्त्रीवादी म्हणाली तर आम्हाला आनंद आहे. ती म्हणाली, "मी नुसती संघटनेची," तरी तेवढाच आनंद आहे. आणि एखादा बाप्या ही कामं करत असेल, तर त्याने कुठला शब्द लावायचा ते त्याने ठरवावं. पण जो मोर्चात जिंदाबाद म्हणतो आणि घरी येऊन बायकोचं नाव अर्जातून खोडतो, त्याला आम्ही साथी म्हणणार नाही.

जंगल दोघांनी राखलं, बांध दोघांनी घातला, लाठी दोघांनी खाल्ली. पट्टाही दोघांचा.

जिंदाबाद!