मोर्चा मेल्यावरच का?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी पुढारी नाही. डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगतो.

माझ्या बहिणीची पोरगी गेली. दीड वर्षाची. आधी जुलाब, मग ताप, मग सरकारी दवाखाना. सलाईन लावलं, डॉक्टर रात्रभर धावला. खोटं कशाला बोलू, त्यानं कसूर केली नाही. पहाटे पोरगी गेली. दुसऱ्या दिवशी आपण दवाखान्याच्या दारात मोर्चा नेला. घोषणा देणारा पुढचा माणूस मीच होतो.

आठवड्यानं बहिणीनं ट्रंकेतून वजनाचं कार्ड काढलं. तीन महिने रेघ आडवी, चौथ्या महिन्यात खाली. म्हणजे पोरगी चार महिने ओरडून सांगत होती, वाचणारं कुणी नव्हतं. अंगणवाडी हायवेच्या पलीकडं. बहीण धुणीभांड्याच्या कामाला खाडा करून जायची. तिथली सेविका दोन अंगणवाड्यांचा भार ओढत होती. तिनं आकडा लिहिला, पण घरी यायला तिला सवड नव्हती.

जुलाब बंगल्यातल्या पोरालाही होतात. ते दोन दिवसांत खेळायला लागतं. आपलं पोर उठत नाही, कारण ते आधीच उपासानं पोखरलेलं असतं.

ह्या व्यवस्थेची तऱ्हा बघा. मरताना खाट आहे. पेपरात फोटो आला तर मदतीचा चेकसुद्धा आहे. पण जगताना वेळेवर एक अंडं नाही!

आणि हे एकट्या आमच्या गल्लीचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ पोरं वयाच्या मानानं खुजी निघाली. जवळपास २६ पोरं उंचीच्या मानानं रोड. हे खुंटणं बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच होतं. पुढची शाळा, स्कॉलरशिप, राखीव जागा, सगळं ह्या खुंटलेल्या मुळावर उभं करायचं!

बाबासाहेबांनी हे कधीच ओळखलं होतं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी प्रसूती लाभाच्या बिलाला पाठिंबा दिला. कामगार बाईला बाळंतपणाआधी विसावा मिळावा, त्याचा भार सरकारनंही उचलावा, हे त्यांचं म्हणणं. ही लढाई पोर जन्मायच्या आधीची. आपण त्यांचा फोटो लावतो आणि पोर गेल्यावर जागे होतो.

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. १३ डिसेंबर २००६ ला सुप्रीम कोर्टानं हुकूम दिला : वस्तीत सहा वर्षांखालची ४० पोरं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत द्या. झोपडपट्टीलासुद्धा. हा हुकूम आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होता? मलाही नव्हता.

तेव्हा कामाला लागा. घरोघरी जाऊन पोरं मोजा. ४० भरली की सह्यांचा अर्ज द्या, पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. दंडघेराची पट्टी शिकून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला, तर त्याच दिवशी दवाखाना. १२.५ च्या आत असला, तर त्याच आठवड्यात सेविकेला गाठा. आणि सेविकेला शिव्या घालू नका. सरकार तिला पगार नाही, मानधन देतं. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, पन्नास दिवसांहून जास्त बसल्या. त्यांच्या मांडवात आपण किती जण होतो?

कुणी म्हणेल, ही समाजसेवा झाली, लढा कुठाय? अरे, आग लागली तर बंब लागतोच. दवाखाना पाहिजेच, मोर्चाही पाहिजे. पण आग लागायची वाट बघत बसायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं? ज्यांच्या घराला आग लागत नाही, त्यांनी.

पुढचा मोर्चा आपण काढू. पण कुठलंही पोर मरायच्या आधी. हातात वजनाची कार्डं घेऊन.

जय भीम!