कोनशिलेचा पैसा आणि विजेचे बिल

(पुण्यातील एका व्याख्यानाचा लिखित पाठ)



नदीसुधाराचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती कोटी?’ हा. आज मी दुसराच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. हा पैसा कोणत्या खर्चासाठी मिळतो आणि कोणत्या खर्चासाठी मिळत नाही? भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील भेद आम्ही अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवितो. मुळा-मुठेच्या दैनेचा फार मोठा भाग त्या एका भेदात सामावलेला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने जपानच्या ‘जायका’ या संस्थेकडून पुण्याच्या नदीसाठी कर्ज घेतले. व्याज ०.३० टक्के, परतफेड ४० वर्षांत. योजनेचा खर्च सुमारे ९९० कोटी रुपये धरला होता. त्यांतील ८५ टक्के वाटा केंद्राचा आणि १५ टक्के महापालिकेचा. दररोज ३९६ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करणारी ११ नवी केंद्रे आणि ११३ किलोमीटरहून अधिक लांबीच्या मैलावाहिन्या असा तो आराखडा होता. काम पुरे करण्याची मुदत होती जानेवारी २०२२. प्रत्यक्षात पंतप्रधानांच्या हस्ते या कामाची कोनशिला बसली ती ६ मार्च २०२२ रोजी! मुदत संपल्यावर आरंभ, आणि तोवर खर्चाचा आकडा १,४७० कोटींच्या पुढे गेलेला. स्वस्त कर्जाने व्याजात जे वाचावयाचे होते ते विलंबाने गिळले.

त्याच दिवशी, त्याच समारंभात, नदीकाठ सुशोभनाच्या पहिल्या टप्प्याचीही कोनशिला बसविण्यात आली. ९ किलोमीटर काठासाठी १,०८० कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरमागे १२० कोटी. पाणी शुद्ध होण्याआधी काठ सजविण्याची ही घाई कोणाच्या हिताची, हे काठालगतच्या जमिनींचे भाव ज्यांना ठाऊक आहेत त्यांना मी सांगावयास नको.

आता महसुली खर्चाकडे वळू. मैलाशुद्धीकरण केंद्र ही धरणासारखी एकदा बांधून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. (धरणही तशी वस्तू नव्हे, हे १२ जुलै १९६१ चे पानशेत पाहिलेल्या शहराला सांगण्याची गरज नाही.) या केंद्रांत मैला खाणारे जिवाणू असतात आणि त्यांना अहोरात्र हवा लागते. ती हवा विजेवर चालणारे यंत्र पुरविते. वीज गेली, यंत्र बिघडले अथवा साचलेला गाळ वेळेवर उपसला नाही, तर आत आलेले पाणी जवळजवळ तसेच बाहेर पडते. मग केंद्र कागदावर उभे असते, क्षमता कागदावर मोजली जाते आणि नदी काळीच राहते. हा वीज, गाळ, सुटे भाग आणि कामगारांचे वेतन यांचा खर्च दरसाल, दरमहा आणि कायमचा असतो. त्याचे भूमिपूजन होत नाही.

हे नवीन नाही. १९८६ साली गंगा कृती योजना सुरू झाली तेव्हा बांधकामाचा पैसा केंद्राने दिला. केंद्रे चालविण्याचा भार कालांतराने राज्ये आणि नगरपालिकांवर पडला. विजेअभावी आणि पैशाअभावी केंद्रे बंद राहिल्याच्या नोंदी महालेखापरीक्षकांच्या अहवालांत आहेत. तरीही १९९५ साली तोच साचा राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेच्या रूपाने देशभर नेण्यात आला. जो पैसा देतो तो आकार ठरवितो. आणि देणाऱ्याला मोजता येईल, दाखविता येईल असाच आकार हवा असतो.

पाण्याशी थेट जोडलेला एक कर या देशात होता, हे आज फार थोड्यांना आठवते. १९७७ च्या कायद्याने कारखाने आणि स्थानिक संस्था यांच्यावर पाणीवापराच्या प्रमाणात जल उपकर बसविण्यात आला. शुद्धीकरणाची व्यवस्था करणाऱ्यास २५ टक्के सूट होती. त्यातून राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांना वाटा मिळे. दर क्षुल्लक होते हे खरे. पण जो घाण करतो त्याने भरावे, हे तत्त्व त्यात होते. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. पुण्याची जकात २०१३ मध्ये गेली होती, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला. स्वतःचे उत्पन्न गमावलेली महापालिका अनुदानासाठी हात पसरते, आणि हात पसरणाऱ्याला अग्रक्रम ठरविता येत नाहीत.

याची किंमत कोण मोजतो? २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत घेण्यात आली. गावांची जमीन शहरात आली. पाणी आणि गटारे मागे राहिली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत ‘गुलेन बारी’ या आजाराची साथ पसरली. पुणे परिसरातील रुग्णांची संख्या दोनशेच्या घरात गेली, माणसे हातपाय लुळे पडून रुग्णालयांत दाखल झाली, काही दगावली. संशयाचा रोख दूषित पाण्याकडे होता. खडकवासल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला विहिरीचे, न गाळलेले पाणी प्यावे लागते, आणि त्याच शहरात काठावरच्या फरसबंदीला किलोमीटरमागे १२० कोटी मिळतात! आणि नदीच्या खालच्या अंगाला दौंड, इंदापूर आहे, उजनी आहे. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. आपण जे सोडतो ते कोणाच्या तरी घागरीत जाते.

यावर महाराष्ट्राला स्वतःच्याच इतिहासात एक वाट सापडते. १९७५ साली या राज्याने व्यवसाय कर बसविला तो रोजगार हमीसाठी. शहरातील पगारदाराने भरावयाचे, आणि दुष्काळी गावात पाझर तलाव व बांधबंदिस्ती व्हावयाची. १९७७ च्या कायद्याने त्यासाठी वेगळा निधी निर्माण झाला आणि राज्य सरकारही त्यात तेवढीच भर घालू लागले. त्या निधीतील पैसा पडून राहिला, अशी टीका झाली, आणि ती रास्त होती. परंतु काम हा हक्क ठरला आणि हक्कामागे दरसालचा पैसा उभा राहिला, ही गोष्ट कोणत्याही परदेशी कर्जापेक्षा मोलाची होती.

शुद्ध पाण्यासाठी तसाच वैधानिक निधी हवा. त्यात मोठ्या पाणीवापरावरील उपकर आणि नदीकाठच्या वाढीव जमीनमूल्याचा वाटा जमा व्हावा, आणि त्यातून प्रथम केंद्रे चालविण्याचा व नव्या गावांच्या पाण्याचा खर्च भागवावा. प्रत्येक केंद्राचे विजेचे बिल व बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी दरमहा प्रसिद्ध व्हावी. मार्च २०२२ मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपल्यावर २०२३, २०२४ आणि २०२५ ची अंदाजपत्रके एकट्या प्रशासकाने मंजूर केली, हे आपण विसरू नये. निधीचा विनियोग निर्वाचित सभागृहातच ठरला पाहिजे. शिवाय देखरेख समितीत दौंड, इंदापूर आणि सोलापूरच्या प्रतिनिधींना मताधिकारासह स्थान असावे. पुण्याच्या करदात्याला हे मानवणार नाही, असे मला सांगण्यात येते. व्यवसाय करही कोणा पगारदाराला कधी गोड लागलेला नाही. तरी १९७५ पासून तो दरमहा कापला जात आहे.